‘कशावरून?’ : पहिली ते पाचवीच्या मुलांना इतिहास शिकवायला लागताना

कर्नाटकातल्या मराठी शाळेत पहिली ते पाचवी ‘इतिहास’ नावाचा वेगळा विषय नसतो. तो परिसर अध्ययनात मधूनमधून डोकावतो आणि समाज विज्ञानाचं पुस्तक हातात पडतं ते सहावीत. म्हणून नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला वाटतं, सहावीत बघू. मग सहावीत राजे, तह आणि सनावळ्या एकदम अंगावर येतात, आणि ते सगळं ठेवायला मुलाच्या डोक्यात जागाच तयार नसते. पोरं पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि मेमध्ये विसरतात.

ही जागा पहिली ते पाचवीतच तयार करायची असते. त्यासाठी पाच वर्षांत दोन सवयी लागल्या तरी पुष्कळ झालं. काळ मागे किती लांब गेलाय याचा अंदाज घ्यायचा, ही एक. दुसरी, जुन्या काळाबद्दल कोणी काहीही सांगितलं, अगदी गुरुजींनी किंवा बाईंनी सांगितलं तरी, ‘कशावरून?’ असं विचारायचं. आठवड्याला 40 मिनिटांचा एक तास एवढ्याला पुरतो.

पहिली-दुसरी : आधी शब्द, मग आकडे

सहा वर्षांच्या मुलाला ‘साडेतीनशे वर्षांपूर्वी’ आणि ‘मागच्या यात्रेला’ यांतलं अंतर कळत नाही. घरी जाऊन ते आज्जाला विचारतं, ‘तू शिवाजी महाराजांना बघितलास काय?’ यात मुलाची चूक नाही. त्याच्यापाशी मागचा काळ म्हणजे एकच मोठी पोतडी आहे, त्यात डायनासोर, महाराज आणि आज्जा एकत्र पडलेत.

म्हणून जून-जुलैत फक्त काळाचे शब्द घ्या. काल, परवा, मागच्या आठवड्यात, गेल्या दिवाळीत, मी बालवाडीत असताना, आई लहान असताना, आज्जी लहान असताना. मराठीत इथे एक अडचण आहे, ती आधीच ओळखून ठेवा. ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाणार’ यांत लहान मूल हमखास गोंधळतं. ज्यांच्या घरी कन्नड बोलतात त्यांचा हा गोंधळ होत नाही, कारण कन्नडमध्ये मागच्या परवाला ‘मोन्ने’ आणि पुढच्या परवाला ‘नाडिद्दु’ असे दोन वेगळे शब्द आहेत. त्या मुलांनाच हे वर्गाला सांगू द्या. वर्गात कन्नड बोलणारं पोर बहुधा गप्प बसलेलं असतं. या एका तासापुरतं तरी ते सगळ्यांना शिकवणारं होतं.

शब्दांच्या जोडीला दिवसांची माळ करा. प्लॅस्टिकचे साधे मणी आणि एक जाड दोरा पुरे. रोज सकाळी हजेरी झाली की एका मुलाने एक मणी ओवायचा, महिना बदलला की रंग बदलायचा. 1 जूनपासून 31 मार्चपर्यंत 304 मणी आणि दहा रंग लागतात. रविवारचा मणी सोमवारी ओवायचा. दसऱ्याच्या सुटीचे सगळे मणी सुटी संपल्यावर एकदम ओवायचे. त्या दिवशी मुलांना पहिल्यांदा कळतं की आपण शाळेत नव्हतो तेव्हाही दिवस जात होते. ज्याचा वाढदिवस त्या दिवशी मोठा मणी. माळ बिघडते ती एकाच कारणाने: घाई असते म्हणून बाई स्वतःच ओवून टाकतात. आठवडाभरात माळ भिंतीवरची शोभा होते आणि मुलं तिच्याकडे बघायचीही थांबतात. नली-कलीच्या, म्हणजे खेळत शिकायच्या पद्धतीच्या, वर्गात पहिली ते तिसरी एकत्र बसत असतील तर तिसरीच्या मुलांना जबाबदारी द्या. ‘गणपती बसले ते किती मण्यांमागे?’ असे प्रश्न त्यांनी लहानांना विचारायचे.

दुसरी-तिसरी : आठवड्याला एक जुनी वस्तू

ऑगस्टपासून वस्तू आणायला लागा. कंदील, पितळी शेर, दौत, दगडी पाटी, जुना पत्र्याचा डबा, भाकरीची वेताची बुट्टी, काहीही चालेल. एका तासाला एकच वस्तू. दहा वस्तू मांडल्या की ते प्रदर्शन होतं आणि मुलं एकही नीट बघत नाहीत.

तासाची वाटणी साधारण अशी ठेवा. पहिली 5 मिनिटं कोणीही बोलायचं नाही, पाच-पाच जणांच्या गटाने वस्तू हातात घेऊन बघायची. पुढची 10 मिनिटं प्रश्नांची: कशाची केली आहे? कुठे झिजली आहे? ती कोणाच्या हातात असायची? तिचं काम आता कोण करतं? मग 10 मिनिटं चित्र काढायचं. त्यानंतरची 10 मिनिटं सगळ्यांत मोलाची. ‘ही वस्तू पुष्कळ वापरली गेली’ असं एखादं पोर म्हणालं की वर्गाने एका सुरात विचारायचं, ‘कशावरून?’ त्याने बोट ठेवून दाखवायचं: इथे कड गुळगुळीत झालीय, इथे डाग दिलाय, इथे मूठ बदललीय. शेवटची 5 मिनिटं वस्तू पुसून परत ठेवायला.

सुरुवातीला नाणी घ्या, कारण ती जवळपास प्रत्येक घरात सापडतात. जुना भोकाचा पैसा मिळाला तर फारच छान. हे नाणं 1943 ते 1947 या काळातलं. मुलं आधी भोकातून एकमेकांकडे बघतील, बघू द्या. मग विचारा, वर मुकुट कशाला? आपल्याकडे कोण मुकुट घालतं? कोणीच नाही, म्हणजे हे नाणं कोणाच्या तरी राज्यातलं. कशावरून? मुकुटावरून. स्वातंत्र्याआधी इथे इंग्रजांचं राज्य होतं हे वाक्य आता सांगा. नाण्याला चिकटून आल्यामुळे ते डोक्यात राहतं. त्याच्या शेजारी 1957 नंतरचा नया पैसा ठेवा. त्यावर मुकुट नाही, अशोकस्तंभाचे सिंह आहेत, आणि हिंदीत लिहिलंय, ‘रुपये का सौवाँ भाग’. मग शंभरावा भाग असं मुद्दाम सांगावं का लागलं? कारण तोवर रुपयाचे 100 पैसे नव्हते. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, म्हणजे रुपयाचे 64 पैसे होते. 1 एप्रिल 1957 पासून 100 झाले. आज्जी अजून 25 पैशांना ‘चार आणे’ का म्हणते, ते तिसरीच्या मुलाला गणितानेच सापडतं, आणि त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

इथे काय चुकतं तेही सांगतो. मुलं घरून नाणं चिंच लावून घासून, लखलखीत करून आणतात. घासल्याने अक्षरं आणि साल झिजतं, म्हणून ‘आहे तसंच आणा’ असं आदल्या दिवशी सांगा. सोन्या-चांदीचं काही मागवू नका, तलवार-कट्यार तर नाहीच. आणलेली वस्तू वहीत नोंदवून त्याच दिवशी मुलाच्या हाती परत द्या. एकदा वस्तू हरवली की त्या गल्लीतून पुन्हा कोणी काही देत नाही. जातं आणि उखळ शाळेत आणायच्या भानगडीत पडू नका. वरची तळी पायावर पडली तर पोराचं बोट जाईल. ते बघायला त्या घरीच जा.

तिसरी-चौथी : आज्जीला विचारूया

सप्टेंबरात मुलांना माणसांकडे पाठवा. बहुतेक वेळा गृहपाठ असा दिला जातो: ‘आजीच्या काळातील जीवनाबद्दल माहिती लिहा.’ मूल घरी जाऊन विचारतं, ‘आज्जी, तुमच्या वेळी कसं होतं गं?’ आज्जी म्हणते, ‘फार कष्टाचं होतं बाळा,’ आणि मुलाखत तिथेच संपते. प्रश्न जेवढा मोठा तेवढं उत्तर पोकळ. म्हणून पाचच प्रश्न द्या आणि ते हाताला लागतील असे द्या:

पाणी कुठून आणायचीस आणि दिवसाला किती खेपा?
शाळेला जाताना पायात काय असायचं?
घरात पहिला विजेचा दिवा कुठे लावला?
बाजाराला कशाने जायचीस, पोचायला किती वेळ लागायचा?
तुझ्या आवडीचा कुठला खेळ आता कोणी खेळत नाही?

‘शाळा कितवीत सोडलीस आणि का?’ हा प्रश्न पहिल्या फेरीत घालू नका. त्याच्या उत्तरात गरिबी असते, बालविवाह असतो, घरातली जुनी दुखणी असतात, आणि ती नातवंडासमोर बोलायची की नाहीत हे आज्जीने ठरवायचं आहे. वर्गात आज्जी-आज्जा नसलेली मुलं असणारच. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्यांची पोरं असतील तर त्यांची म्हातारी माणसं लांब गावी असतात. म्हणून ‘गल्लीतल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला’ असंच सांगा, म्हणजे कोणाला वेगळं वाटत नाही. आज्जी कन्नडमध्ये बोलत असेल तर उत्तर कन्नडमध्येच लिहून आणू द्या. फळ्यावर दोन रकाने करा: जातं आणि बीसोकल्लु, घागर आणि कोड. पंधरा दिवसांत पन्नासेक शब्दांची यादी होते.

जुन्या माणसांना सन आठवत नाही, प्रसंग आठवतात. ‘दुष्काळ पडला त्या साली’, ‘इंदिरा गांधी गेल्या तेव्हा’. त्यासाठी चार खुंट्या भिंतीवर लावून ठेवा: 1972 चा दुष्काळ, 1984 साली इंदिरा गांधींची हत्या, ऑगस्ट 2019 चा महापूर, 2020 चा लॉकडाउन. प्रत्येक उत्तर त्यांच्या आधीचं की नंतरचं एवढं मुलांनी विचारून यायचं.

दोन आज्ज्यांची उत्तरं जुळली नाहीत तर खरं-खोटं ठरवायची घाई करू नका, असा तास पुन्हा मिळत नाही. एक म्हणते गावात वीज दुष्काळाआधी आली, दुसरी म्हणते नंतर. मग मुलांनाच विचारा, आता काय करायचं? तिसऱ्या आज्जीला विचारू, कोणी सांगेल. दोघींची घरं कुठे होती ते बघू, एखादं पोर सुचवेल, कारण एका गल्लीत आधी आणि दुसरीत नंतर आली असेल. हेच इतिहासाचं काम आहे आणि आठ वर्षांचं मूल ते करू शकतं.

चौथी-पाचवी : काळाची दोरी

दसऱ्यानंतर दोरी घ्या. 9 मीटर नायलॉनची दोरी, मीटर टेप, लाल दोरा, काळं मार्कर पेन, कपड्यांचे चिमटे आणि पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे. सुतळी घेऊ नका, ती ओल धरते, मापं महिन्यात चुकतात. माप सोपं ठेवा: 1 सेंटिमीटर म्हणजे 1 वर्ष. एका टोकाला 30 सेंटिमीटर मोकळे सोडून ‘आज’ची गाठ मारा. तिथून दर 10 सेंटिमीटरला काळी खूण, दर मीटरला लाल दोरा. एक लाल दोरा म्हणजे शंभर वर्षं. दोरी मुलांच्या छातीच्या उंचीवर, व्हरांड्यात बांधा. वर्गाच्या एका भिंतीवर ती मावत नाही, आणि तुकडे करून खालीवर लावली की सगळा अर्थच जातो.

पहिला चिमटा मुलाच्या स्वतःच्या जन्माचा. नऊ वर्षांच्या पोराचं अख्खं आयुष्य 9 सेंटिमीटर, त्याच्या वितीहून कमी. आज्जी 65 सेंटिमीटरवर. मग पुढचे चिमटे चालू सालातून सन वजा करून मुलांनीच लावायचे. 2026 साली मोजलं तर म्हैसूर राज्यात बेळगाव गेलं ते 1956 साल 70 सेंटिमीटरवर येतं, म्हणजे आज्जीला लागूनच. 1924 सालचं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष होते असं एकमेव अधिवेशन, 1 मीटर 2 सेंटिमीटरवर. कित्तूरची 1824 ची लढाई 2 मीटर 2 सेंटिमीटरवर. शिवराज्याभिषेक, 1674, साडेतीन मीटरच्या जरा पुढे. किल्ल्यातली साफा मशीद, 1519, 5 मीटर 7 सेंटिमीटरवर. आणि बेळगावचा किल्ला नि त्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204, थेट 8 मीटर 22 सेंटिमीटरवर. मूल स्वतःच्या चिमट्यापासून बसदीपर्यंत चालत जातं तेव्हा काळ त्याच्या पायांना कळतो. आज्जी आणि महाराज एका पोतडीत नाहीत हे मग सांगावं लागत नाही.

खानापूर तालुक्यातल्या हलशीच्या कदंब राजांचे ताम्रपट पाचव्या शतकातले. ते दोरीवर बसतच नाहीत. त्यांचा पुठ्ठा घेऊन एका मुलाला दोरी संपते तिथून पुढे पटांगणात 7 मीटर चालायला लावा आणि तिथून हाक मारायला सांगा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चिमट्यांची गर्दी. दहा-बारा पुरे. पुठ्ठ्यावर एक चित्र, एक सन आणि खाली एक ओळ: ‘कशावरून?’ बसदीच्या पुठ्ठ्यावर ‘इमारत अजून उभी आहे’, आज्जीच्या पुठ्ठ्यावर ‘तिने सांगितलं’.

आपला जिल्हा कोणकोणत्या राज्यात होता?

हा पाठ टाळू नका आणि त्यात भाषणही करू नका. बेळगाव महाराष्ट्रात हवं की कर्नाटकात, यावर इथल्या प्रत्येक घरात काहीतरी बोललं जातं आणि मुलांच्या कानावर ते पडलेलं असतं. शाळेने कागद दाखवावेत. आज्जाचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं पोस्टकार्ड, जुन्या पावत्या, पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान. 1956 आधीच्या कागदावर मुंबई राज्य किंवा मुंबई इलाखा असेल. 1 नोव्हेंबर 1956 ते 1973 या काळातल्यावर म्हैसूर राज्य, त्यानंतर कर्नाटक. गावाच्या नावाचंही तसंच: 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी, त्याआधी बेळगाव, आणि फार पूर्वी वेणुग्राम. घर न हलता आज्जा तीन राज्यांत राहिला, हे मुलांना कागदांवरून स्वतःच सापडू द्या.

मूळ कागद मागवू नका, फोटोकॉपीच घ्या, आणि भिंतीवर लावण्याआधी नाव, जात आणि पत्त्याची ओळ झाका. ‘मग आपण कुठे असायला हवं होतं?’ असं पोर विचारेल. यावर मोठी माणसं अजून बोलत आहेत, कोर्टातही प्रकरण आहे, हे खरं उत्तर आहे आणि पाचवीला ते पुरेसं आहे. मुलाला हात वर करून बाजू निवडायला लावू नका. वर्गात दोन्हीकडची घरं असतात.

वीरांच्या गोष्टी सांगताना

गोष्ट 12 मिनिटांपेक्षा लांबवू नका. मध्ये दोन-तीनदा थांबून ‘आता राणीने काय करावं?’ असं विचारा, मग जे घडलं ते सांगा. कित्तूरच्या राणी चन्नम्माची गोष्ट मुळात दत्तकाची आहे. राजाला वारस नव्हता, राणीने मुलगा दत्तक घेतला, इंग्रजांनी तो मानला नाही. हे सोडून थेट तलवारीवर गेलात तर लढाई का झाली हेच मुलांना कळत नाही. 23 ऑक्टोबर 1824 ला इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले, कित्तूर पडलं, आणि चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना फेब्रुवारी 1829 मध्ये वारली. तिच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं.

गोष्ट झाली की फळ्यावर दोन रकाने: ‘माहीत आहे’ आणि ‘असं सांगतात’. तारखा, ठिकाणं पहिल्यात. नंदगडच्या समाधीपाशी वड आहे, हे पहिल्यात. तो कोणी आणि कसा लावला याची लोकांच्या तोंडची कहाणी दुसऱ्यात. दुसरा रकाना हलका मानू नका, लोकांनी दोनशे वर्षं ती जपली हेसुद्धा जाणण्यासारखंच आहे.

महाराजांच्या गोष्टीत ‘आदिलशहाचं सैन्य’, ‘मोगलांचा सरदार’ असेच शब्द वापरा, धर्माचं नाव घेऊन फौज सांगू नका. शहाजीराजांनीही आदिलशाहीत चाकरी केली होती, हेही सांगा. पुढच्या बाकावर बसलेल्या एखाद्या पोराला मधल्या सुटीत त्या एका शब्दाचा त्रास होतो, आणि तो आपल्यामुळे होतो.

बाहेर जाऊन बघणं

सहल नोव्हेंबर ते जानेवारीत. जून ते सप्टेंबर खानापूर भागात पाऊस धो धो असतो, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. बेळगावच्या किल्ल्यात काही भाग लष्कराचा आहे, म्हणून मुख्याध्यापकांचं पत्र आधी पोचवा. 30 मुलांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला एकच गोष्ट बघायला द्या: एकाला खंदक, एकाला दरवाजा, एकाला बसदीच्या छतावरचं कमळ, एकाला साफा मशिदीचे खांब. सगळ्यांनी सगळं बघायचं ठरवलं की दुपारपर्यंत फक्त डबे आठवतात.

पण लांब जायला पैसे नसले तरी बिघडत नाही. आपल्याकडे कितीतरी गावांच्या वेशीवर किंवा देवळामागे वीरगळ आहे. हा शब्दच कन्नडमधून आला, वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. तो खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते. तिथे गुरं दिसली तर माणूस गुरं वाचवताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य: ते असेपर्यंत याची आठवण राहो. मुलांना आधी काही सांगू नका. ‘खालचा माणूस आणि वरचा माणूस एकच आहे का? कशावरून?’ एवढंच विचारा आणि दहा मिनिटं सोडा.

दगड झिजलेला असेल तर खडू घासू नका, पीठ किंवा तेल लावू नका. खडू खाचेत बसतो आणि दगड खराब होतो. टॉर्च घेऊन बाजूने, अगदी तिरका उजेड पाडा. सावली पडली की आकृत्या उठून दिसतात. दुपारी बारा वाजता मात्र काहीच दिसत नाही, म्हणून सकाळी नऊच्या आत जा. गावात त्या दगडाला शेंदूर लावून पुजत असतील तर चपला लांब काढा, पुजाऱ्याला किंवा शेजारच्या घरी विचारा, आणि तिथले लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव आधी वहीत लिहा.

तपासायचं कसं?

‘राज्याभिषेक कोणत्या साली झाला?’ याने पाठांतर तपासलं जातं. त्याऐवजी पाच चित्रांचे पुठ्ठे द्या आणि जुन्यापासून नव्यापर्यंत लावायला सांगा. लावून झाले की त्यातल्या एकाबद्दल विचारा, हा इथेच का ठेवलास? कारण सांगता आलं आणि क्रम थोडा चुकला, तर ते मूल बरोबर क्रम लावून गप्प राहणाऱ्यापेक्षा पुढे आहे. जानेवारीत एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, सभेला पालक येतील तेव्हा दोरी मुलांनाच समजावून सांगू द्या. एखादी आज्जी स्वतःचा चिमटा शोधते आणि तो जागचा हलवायलाही सांगते. ती म्हणेल ते ऐका आणि पुठ्ठ्यावर नवीन ओळ लिहा.

मार्चअखेर दोरी गुंडाळताना ‘आज’ची गाठ वर येईल अशी गुंडाळा, कोरड्या डब्यात ठेवा, पुठ्ठे वेगळ्या पाकिटात. पुढच्या वर्षी ती गाठ सोडून मोकळ्या सोडलेल्या टोकाकडे एक सेंटिमीटर सरकवून बांधायची. त्या 30 सेंटिमीटरमध्ये तीस वर्षांची सोय आहे.